भरमूला नाव हाय, मला न्हाय

...आणि भरमूला नाव हाय! ऐकताय न्हवं? कोपऱ्यावर कांदेबटाट्याचा गाडा लावतोय त्या भरमूला नाव हाय, समोरच्या बसव्वाला नाव हाय, गल्लीच्या तोंडाला आडवं पडलेलं असतंय त्या लंगड्या कुत्र्यालासुद्धा नाव हाय, आणि जिनं नऊ महिनं पोटात वागवलं तिला? न्हाय! म्हंजे मला! आता तुम्हीच सांगा, घोर लागंल का न्हाय जिवाला?

थांबा, थांबा. तुम्ही म्हणाल ही बाई कोण, आणि हिला नाव न्हाय म्हंजे काय, आईबापानं हाकच मारली न्हाय का हिला? मारली की! सुविधा नाव माझं. निपाणीला सातवीपर्यंत शिकले, म्होरं लग्न झालं आणि हिंडलग्याला आले. हिंडलगा म्हंजे बेळगावला लागूनच, जेल हाय तेच. माझ्या मावशीला कुणी विचारलं, "पोरगी कुठं दिलीसा?" आणि ती म्हणाली "हिंडलग्याला," की म्होरचा माणूस हटकून विचारणार, "आत का भाईर?"... ते जाऊ द्या. तर नाव हाय मला. पर ते तोंडानं म्हणायचं नाव. माझ्या लेकीच्या हातात मला नाव न्हवतं, आणि तिचं सगळं बोलणंच हातात!

लेक माझी पारमिता. दुसरीत हाय. ऐकू येत न्हाय तिला. जन्मापासनं न्हवं, पाळण्यात असताना ताप आला, तो डोसक्यात चढला, लई दिवस दवाखान्यात काढलं, पोरगी परत मिळाली आणि कान तिथंच राहिलं. ते रडगाणं मी गाणार न्हाय, तुम्ही हसायला बसलाय. पर नावाची गंमत बघा! पारमिता हे नाव ठेवलं आमच्या मालकांनी. मालकांचं नाव बुद्धप्रिय... मी घेत न्हाय हो एरवी, पर तुम्हाला कळायला पायजे न्हवं! तर ह्यांनी पुस्तकातनं नाव काढलं, आत्ती म्हणाल्या, आत्ती म्हंजे माझ्या सासूबाई, पारूबाई, त्या म्हणाल्या, "एवढं लांबडं नाव हाक मारंपर्यंत पोरगी पळून जाईल की रं!" मामा म्हणाले, मामा म्हंजे सासरे, आण्णाप्पा, ते म्हणाले, "साधं सोपं ठेवा, पाटीवर मावंल असं." बारशापर्यंत भांडण! शेवटी पारमिताच ठेवलं, आणि आत्ती तिला पारू पारू करायला लागल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या, "नातीला माझंच नाव ठेवलंय." आणि एवढी भांडणं करून ठेवलेलं ते नाव... जिचं हाय तिला ते ऐकलेलं आठवत बी न्हाय बघा.

मग काय, सल्ले सुरू! एक म्हणतीय वेखंड उगाळून लावा जिभंला, एक म्हणतीय मध चाटवा. अगं बायांनो, कान बंद हाईत, जिभंला काय करू? आत्तींनी तर पितळंचं ताट घेतलं आणि हळूच तिच्या पाठीमागं जाऊन लाटण्यानं धाड धाड बडवलं! शेजारचं तान्हं बाळ किंचाळत उठलं, रस्त्यानं चाललेला म्हातारा सायकलवरनं उतरला, बसव्वा हातात पीठ घेऊनच धावत आली, "अय्यो, एनायितव्वा? काय झालं गं?" आणि माझी पोरगी? शेंगा फोडत बसलेली! एक शेंग आत्तींच्या म्होरं धरली, घे म्हणून. ताट खाली ठेवून आत्ती तिथंच पदर तोंडाला लावून बसल्या.

पर तुम्हाला सांगते, गप्प बसणाऱ्यातली न्हाय ती. बोलायला लागली! हातानं! कुणी शिकवलं न्हाय, मला विचारलं न्हाय, आपलं आपणच चालू. मनगट गोल फिरवलं की डोसा. कसला डोसा, तर बोटं चोळून तेल जास्त सोड म्हणणार आणि गाल आत ओढून कुरकुरीत पायजे म्हणणार. एकदा ते लंगडं कुत्रं आमची भाकरी घेऊन पळालं, तर हिनं मला ते असं सांगितलं, असं सांगितलं, कुत्रं कसं आलं, कान कसे पाडले, आत्तींकडं बघून कसं शेपूट हलवलं, आत्ती कशा फसल्या, भाकरी तोंडात धरून तीन पायावर कसं उड्या मारत गेलं... मी पोट धरून हसले आणि मग लक्षात आलं, बया, घरात एक शब्द झालेला न्हाय! आमच्या नंदेचा ओमकार इंग्रजी शाळेत जातोय, त्याला विचारा कुत्र्यानं काय केलं, म्हणंल "भाकरी नेली." बस्स! तोंड हाय, जीभ हाय, कान हाईत, आणि गोष्ट पाच अक्षरांची! माझ्या पोरीची गोष्ट अर्धा तास! आई हाय म्हणून म्हणत न्हाय, कुणाला बी विचारा.

मग तिला बेळगावात ऐकू न येणाऱ्या पोरांच्या शाळेत घातलं. रोज मी तिला घेऊन शहर बसनं जायची. मालक माझे बसवर कंडक्टर हाईत, पर त्यांची गाडी दुसऱ्या रूटची, आमच्या नशिबाला त्यांची कवा बी येत न्हाय. शाळेत प्रियदर्शनी मॅडम. लई गुणाची बाई. त्या म्हणाल्या, "सुविधाताई, घरची भाषा तिची तिनं केलीय, आता सगळ्या देशातली अशी मुलं बोलतात ती भाषा शिकवूया. आणि तुम्ही पण शिका." मी म्हणलं, "मॅडम, मी सातवी हो!" म्हणाल्या, "बोटं किती आहेत?" म्हणलं, "हाईत की सगळी." म्हणाल्या, "मग झालं."

शनिवारी आयांचा वर्ग. आणि मी बसले हो! शिकले! आता तुम्हाला वाटंल हातवारं करायचं त्यात काय शिकायचं. तसं न्हाय! त्याला बी रीत हाय. भुवया वर केल्या की प्रश्न होतोय, खाली ओढल्या तर त्याच हाताचा हुकूम होतोय. आमच्या मामांच्या भुवया जन्मापासनंच खाली, त्यामुळं ते लाडानं "जेवलीस का?" विचारायला गेले तरी पोरगीला वाटतंय, "जेव म्हणतो न्हवं!" आणि ती घाबरून परत जेवायची. आणि हाताला बी गावाकडचं वळण असतंय म्हणं! मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या हातातनं निपाणी दिसते." मी म्हणलं, दिसू दे की! पारमिता माझी बोटं धरून सरळ करायची, चुकलं की हातावर चापट. घरात सून म्हणून ऐकायचं आणि शाळेत आई असून लेकीची चापट खायची.

एक दिवस मामा बी आले शाळा बघायला. सीमाभागातला माणूस, पहिलं काय विचारणार? हात मागं बांधून, घसा खाकरून, "मॅडम, एक विचारू का? ही बोटांची भाषा मराठी म्हणायची का कन्नड?" झालं! एक कन्नड आई माझ्याकडं बघायलीय, मी तिच्याकडं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "आजोबा, नातीलाच विचारा." आणि त्यांनी हातानं तिला विचारलं. पारमितानं आजोबाकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं, "आजोबाला भूक लागलीय, घरी चला." दोन्हीकडच्या आया हसल्या. मामा बी हसले, पर भुवया खालीच.

तर आता नावाचं. मॅडमनी वर्गात सांगितलं, ह्या भाषेत प्रत्येकाला हाताचं नाव असतंय. सुविधा, पारमिता असं बोटानं लिवत बसायचं न्हाय, एकच खूण. आणि ते नाव आपलं आपण ठेवायचं न्हाय. ज्याला ऐकू येत न्हाय, तो तुम्हाला बघतोय, बघतोय, आणि जे दिसंल ते ठेवतोय. मागून मिळत न्हाय आणि बदलून बी मिळत न्हाय. झालं! पारमितानं घरदार, गल्ली, सगळ्यांची बारशी घालायला घेतली!

मामांचं नाव पहिलं. चष्म्याची एक काडी मोडलीय, दोरा बांधलाय, तो चष्मा सारखा नाकावरनं घसरतोय, ते सारखा वर ढकलतात. पारमितानं बोटानं चष्मा ढकलला. झाले आजोबा! आत्तींचं नाव म्हणजे दातावर बोट फिरवायचं, मिश्री! हिंडलग्याला यायच्या आधी निपाणीच्या वखारीत अर्धा जन्म तंबाखूत गेला, दुसरं काय नाव पडणार? आत्ती लई रागावल्या. "ह्याच्यापेक्षा पाटल्या दिसल्या न्हाईत व्हय गं तुला?" बसव्वाला गालात खळी पडतीय, तर बोट गालात टेकवून फिरवायचं. बघा! कसलं देखणं नाव! बसव्वा आठवडाभर गालात बोट घालून फिरत होती, कुणी विचारायचं निमित्त, "माझं हेसरू हाय हे, नाव, नाव!" आणि आमचे मालक. त्यांना लई हौस. खाकी कपडे घालून, शिट्टी गळ्यात अडकवून म्होरं उभे राहिले, म्हणाले, "माझं काय ठेवतेस बघू!" दिवसभर तीन भाषांत ओरडणारा माणूस हो तो, "मुंदं होग्री, पुढं सरका, आगे चलो!" आणि घरी आला की एक भाषा बोलत न्हाय, सोफ्यावर पडतोय आणि... पारमितानं तोंडावर मूठ धरली आणि ही एवढी मोठी जांभई दिली! नाव पडलं! जांभई! मालक दोन दिवस बोलले न्हाईत. आधी बी बोलत न्हवते म्हणा.

आणि भरमू! भरमूच्या गाड्यावर अजून तागडी हाय. पारमितानं काय केलं, एक हात तागडीसारखा म्होरं धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो हळूच, ह्या कडंला, असा खाली दाबला! आणि आकाशाकडं बघितलं! हुबेहूब भरमू! गल्लीतल्या बाया आधी हसल्या, मग हसता हसता एकमेकींकडं बघायला लागल्या... दुसऱ्या दिवसापासनं गाड्यावर कोण काट्याकडं बघंना, सगळ्या भरमूच्या अंगठ्याकडं! भरमू पेरू घेऊन घरी आला. "वैनी, पोरगीला जरा सांगून माझं दुसरं नाव बघा की! मिशीचं ठेवा! एवढी मिशी राखलीय, दिसत न्हाय व्हय?" मी म्हणलं, "भरमूअण्णा, मी काय करू? त्या भाषेत अर्ज चालत न्हाय." पेरू तेवढे ठेवून घेतले.

आणि हे सगळं होतंय, सगळ्यांची नावं पडायलीत, आणि मी आपली वाट बघतेय. आज ठेवंल, उद्या ठेवंल. मला काय म्हणून बोलावती? तर जमिनीवर पाय आपटायचा, पाय आपटला की फरशी हादरतीय, मला कळतंय. न्हाय तर पदर ओढायचा. आता सांगा, पाय आपटणं हे काय नाव झालं? पदर ओढणं हे नाव झालं? मी दिवसभर तिच्या मागं, तिची वेणी, तिचा डबा, तिची बस, कुत्रं चावंल का, गाडी येईल का, तिला हॉर्न ऐकू येत न्हाय, शाळेत पडली असंल का, कुणी ढकललं असंल का... सगळी काळजी माझ्याकडं आणि नाव भरमूला! घोर लागंल का न्हाय जिवाला?

तुम्ही म्हणाल, विचारायचं की सरळ! तुला काय जातंय म्हणायला! अहो, विचारलं आणि ती "तुला नाव न्हाय" म्हणाली, तर? मग मी काय करू? ते ऐकलेलं... बघितलेलं परत पुसता येत न्हाय.

आणि त्यातच शाळेतनं निरोप आला. पालकांचा कार्यक्रम! प्रत्येक मुलानं स्टेजवर यायचं, घरच्यांची हाताची नावं दाखवायची, आणि ते नाव का पडलं ते सांगायचं. मॅडम माइकवरनं मराठीत आणि कन्नडमध्ये सांगणार. सगळ्या आया तिथं, सगळी नावं होणार, आजोबा चष्मा, आजी मिश्री, पप्पा जांभई, आणि आई...? पोरगी गप्प उभी राहणार? मॅडम माइकवर काय म्हणणार, "आईला अजून नाव पडलेलं नाही, अम्मनिगे इन्नू हेसरिल्ला?" मी मॅडमना बाजूला घेतलं, म्हणलं, "मॅडम, माझं काय नाव पडलंय का हो?" तर हसल्या! म्हणाल्या, "कार्यक्रमात कळेल." हसल्या का? कीव आली असंल का? घोर, घोर, घोर!

मग मी ठरवलं. नाव बघून पडतंय न्हवं? मग बघायला काहीतरी देऊया! मार्केटातनं अबोलीची वेणी आणली आणि घातली. सकाळी भांडी घासताना वेणी, बसमधनं जाताना वेणी, कपडे धुताना वेणी. बसव्वा दारातनं, "अय्यो सुविधा, एनव्वा, कुणाचं लगीन हाय गं?" मी म्हणलं, "कुणाचं न्हाय, आपली हौस." पोरगीच्या म्होरं मुद्दाम पाठ करून बसायची, मान वळवायची, वेणीला हात लावायची. पारमितानं बघितलं, लई वेळ बघितलं, आणि माझ्या डोसक्यातलं एक फूल काढून लंगड्या कुत्र्याच्या कानात घातलं. बरं! वेणी गेली. मग हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत. शनिवारच्या वर्गात हात हलवला की खळखळाट, सगळ्या आया वळून बघायच्या आणि जिला दाखवायचा तिला ऐकूच येत न्हाय! हे माझ्या डोसक्यात आलंच न्हाय बघा बांगड्या भरताना! मग म्हणलं गोडाधोडाचं करावं, तर जिलबी केली. पर लगेच धास्ती पडली, उद्या माझं नाव जिलबी पडलं म्हंजे? जन्मभर लोक हवेत बोट गोल गोल फिरवून मला बोलावणार! घाईघाईनं सगळी जिलबी मामांना घातली.

कार्यक्रमाचा दिवस. आम्ही सगळे निघालो. आत्ती नवं पातळ नेसून, आदल्या दिवसापासनं मिश्री सोडलेली, म्हणाल्या, "आज मला बिनमिश्रीचं बघू दे तिला." मामा नवा दोरा बांधलेला चष्मा घालून. मालक सुट्टी काढून आले, रात्री लवकर झोपलेले, जांभई यायला नगो म्हणून! बसव्वा गालाला पावडर लावून. आणि मागनं स्कूटरवरनं भरमू! "वैनी, माझं बी घेतील का नाव? मिशीला तेल लावलंय!" असं आमचं वऱ्हाड.

पोरं एकेक स्टेजवर यायलीत. एकीची आई म्हंजे लांब केस, एकाची आई म्हंजे शिवणयंत्र, एकीची आई म्हंजे फोन कानाला! सगळ्यांना हाय! आणि मग पारमिता. निळा फ्रॉक, दोन वेण्या. उभी राहिली ती ताठ, एवढ्या माणसांना बघून हात आखडला न्हाय हो तिचा! मी सातवीत शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणायला उभी राहिले तर पहिल्याच ओळीला रडत खाली उतरलेले, आणि ही बघा!

चष्मा ढकलला, मॅडमनी माइकवर आजोबा सांगितले, मामांनी खरंच चष्मा ढकलला, सगळा हॉल हसला. दातावर बोट, आजी. आत्ती पुटपुटल्या, "सोडलीय म्हणावं." मूठ तोंडावर, पप्पा. मालकांनी दात आवळून धरले, डोळ्यातनं पाणी आलं पर जांभई येऊ दिली न्हाय. मग ती थांबली. मी डोळे मिटले. मग म्हणलं, मिटून कसं चालंल, तिचं बोलणं डोळ्यानंच ऐकायचं असतंय! उघडले.

पारमितानं एक बोट आडवं केलं, आणि नाकाखाली धरलं. असं. ओठाच्या वर. आणि माझ्याकडं बघितलं.

"अम्मा. आई," मॅडम म्हणाल्या.

मला काय कळंना. नाक? माझं नाक काय वाईट हाय? आत्ती कुजबुजल्या, "मिशी म्हणतीय व्हय गं तुला?" मागनं भरमू, "अहो, मिशी माझी हाय!" तेवढ्यात मॅडमनी हातानं तिला विचारलं, हे नाव का? आणि पारमिता स्टेजवर आडवी झाली. डोळे मिटले. मग उठली आणि माझ्यासारखी चालत आली, पदर खोचून, पाय न वाजवता... जिला ऐकू येत न्हाय तिच्या अंथरुणाजवळ मी पाय न वाजवता येती, हे तिनं बघून ठेवलंय! वाकली. नाकाखाली बोट धरलं. थांबली. मग हुश्श करून खांदे खाली सोडले, पांघरूण सारखं केलं आणि गेली. परत आडवी झाली. परत आई आली. परत बोट. परत हुश्श.

मॅडम माइकवर सांगायलेत, "आई रोज येते. मी झोपल्यावर माझा श्वास बघते. मी झोपलेली नसते. कधी कधी मी श्वास धरून ठेवते, मग आई खूप घाबरते, मग मी सोडते. आई म्हणजे हे."

आता काय सांगू तुम्हाला. दवाखान्यात लागलेली सवय हो ती! तवा त्या मशिनींच्या आवाजात पोरगी हाय का गेली मला कळायचं न्हाय, बोट धरायची, ऊब लागली की पुढचा घास गिळायची. मला वाटायचं कुणाला म्हायीत न्हाय. मालकांना म्हायीत न्हाय! आणि हिनं त्याचं नाव करून ठेवलं! आणि तिथं, त्या खुर्चीवर, माझ्या डोसक्यात उजेड पडला... ही पोरगी किती दिवसांपासनं माझ्याकडं बघून नाकाखाली बोट धरत होती! रोज! सकाळी उठली की, शाळेतनं सुटली की! आणि मी काय करायची? मी तिचं नाक पुसायची! पदर घेऊन खसाखसा! "सर्दी झाली गं माझ्या बाळाला" म्हणून! अहो, पोरगी मला हाक मारायली आणि मी तिला गवती चहाचा काढा पाजायली! कुत्र्याची अर्ध्या तासाची गोष्ट कळणारी मी, आणि माझं स्वतःचं नाव मी पदरानं पुसून टाकत होते!

रडले का? रडले की! सगळ्या हॉलात! आत्ती रडल्या, बसव्वाची पावडर वाहून गेली, मालकांनी तोंड उघडलं तर आम्हाला वाटलं आता जांभई, तर तो बी हुंदका! पर रडता रडता मी मान अशी वर करून सगळ्या आयांकडं बघितलं. लांब केस काय, शिवणयंत्र काय! माझ्या लेकीनं मला जे नाव दिलंय ते एवढ्या मोठ्या हॉलात कुणाकडं न्हाय!

मॅडमनी विचारलं, अजून कुणाचं सांगायचंय का? भरमू उभाच राहिला, मिशी म्होरं करून. पारमितानं त्याला बघितलं, हसली... आणि अंगठा दाबला.

आता सगळ्या गल्लीला माझं नाव पाठ झालंय. बसव्वा लांबनं हाक मारत न्हाय, नाकाखाली बोट. मालक परवा त्यांच्या बसच्या दारात उभे होते, मी रस्त्याच्या पलीकडं दिसले, तर शिट्टी न्हाय, नाव न्हाय, नाकाखाली बोट! आतली माणसं पटापट खिडक्या लावायला लागली, "कसला वास येतोय हो कंडक्टर?"

तिथपर्यंत ठीक होतं. पर गेल्या आठवड्यात आत्तींची धाकटी बहीण, आमच्या ह्यांची मावशी, आली खानापूरहून, तिला ह्यातलं काय बी म्हायीत न्हाय. आत्ती दुपारच्या खाटेवर आडव्या झालेल्या. मावशी परसात हातपाय धुवायला गेलेल्या. पारमिता खाटेजवळ खेळत होती, तिला पाणी पायजे होतं, मी आत भाकऱ्या थापतेय. तर तिनं पाय आपटला आणि मला हाक मारली, नाकाखाली बोट! तेवढ्यात मावशी आत आल्या. बघतात तर म्हातारी बहीण डोळे मिटून निपचित, बाजूला नात, आणि नातीचं बोट स्वतःच्या नाकाखाली, आजीचा श्वास न्हाय म्हणून सांगितल्यागत, तोंड माझ्याकडं! मावशींनी जी बोंब ठोकली, "आक्का गेली गं माझी आक्काऽऽऽ!" भरमू गाडा सोडून पळत आला, बसव्वा "अय्यो अज्जी" करत आली, मामांचा चष्मा पडला, अख्खी गल्ली दारात गोळा! आणि एवढ्या गलक्यात आत्ती उठून बसल्या, पदर सावरला, गर्दीकडं बघून विचारतात, "कोण गेलं गं?"

तवापासनं आत्तींचा विश्वास उडालाय. दुपारच्या पडतात, पर झोपत न्हाईत. मी नुसती खाटेजवळनं केरसुणी घ्यायला गेले, पाणी प्यायला गेले, कुठं बी गेले, की डोळे न उघडता आतनं ओरडतात, "हाय गं, हाय! अजून हाय मी!"

आता ह्याच्यावर सुनेनं काय बोलायचं? मी आपली म्हणते, "व्हय आत्ती. ऱ्हावा की."